उजवीकडची दुसरी बरगडी

आमच्याकडे एक्स-रे कुणी म्हणत नाही. फोटो म्हणतात. ‘छातीचा फोटो काढायला सांगितलाय,’ असं म्हणत माणूस दारात उभा राहतो, आणि फोटोला जाताना जे जे करायचं ते सगळं करून आलेला असतो. केसांना तेल, धुतलेला सदरा, खिशाला पेन. येडगावच्या एक आजीबाई ठेवणीतली बोरमाळ घालून आल्या होत्या. ती काढून ठेवायला सांगितल्यावर त्यांचा चेहराच पडला. ‘आवो, मंग फोटू कशाचा काढताय?’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘आजी, बोरमाळेच्या मागं जे आहे त्याचा.’

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून सत्तावीस वर्षं मी हे काम केलं. तीन सरकारी दवाखाने झाले. कोणते ते लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात चुका आहेत, आणि त्यातल्या दोन मोठ्या चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

आधी कामाबद्दल थोडं. पेशंटनं फिल्मच्या पेटीला छाती टेकवून उभं राहायचं, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढं. मग मी भिंतीआड जाऊन ओरडायचं, ‘श्वास घ्या, धरा, हलू नका.’ निम्मे लोक श्वासाबरोबर डोळेही मिटतात. मग फिल्म घेऊन डार्करूममध्ये जायचं. लाल दिव्यात ती डेव्हलपरमध्ये बुडवायची, पाण्यातून काढायची, मग फिक्सरमध्ये. बोटांना त्या फिक्सरचा आंबूस वास कायमचा बसतो. माझी बायको म्हणायची, तुमच्या हातची भाकरीसुद्धा दवाखान्याची लागते.

फोटोत हाड पांढरं दिसतं आणि हवा काळी. फुफ्फुसात हवाच असते, म्हणून निरोगी फुफ्फुस काळंभोर दिसतं. त्या काळ्यात नको तिथं पांढरं दिसलं, की काहीतरी आहे. पण काय आहे ते फोटो सांगत नाही. न्यूमोनिया पांढरा, टीबी पांढरा, साचलेलं पाणी पांढरं आणि कॅन्सरची गाठही पांढरीच. ते ओळखायचं काम डॉक्टरांचं. टेक्निशियननं फोटो काढायचा, नाव-नंबर घालायचा आणि गप्प बसायचं, हा नियम. तो नियम चांगला आहे, आणि वाईटही आहे. मला तो दोन्ही बाजूंनी भोवला.

पहिली चूक बोलण्याची.

वारूळवाडीचा बाळू टेंपोवाला. टोमॅटोच्या सीझनमध्ये दिवसरात्र टेंपो चालवायचा. वय पस्तिशीचं, अंगानं दणकट, बिड्यांचा बंडल कायम खिशात. नव्वदीच्या दशकातली गोष्ट, मला नोकरीला चार-पाच वर्षं झाली होती आणि आपल्याला फोटो वाचता येतो अशी घमेंड नुकतीच यायला लागली होती. बाळू आठवडाभर तापानं फणफणलेला होता. डॉक्टर त्या दिवशी मीटिंगला जुन्नरला गेलेले. मी फोटो काढून बाहेर आलो तर उजव्या फुफ्फुसात लिंबाएवढी गोल, पांढरी सावली.

‘काय दिसतंय, राव?’ बाळूनं विचारलं. ‘सांगा की. तुमाला तर कळतंच.’

‘तुमाला तर कळतंच’ एवढ्यावर मी फुगलो. म्हटलं, ‘गोल गाठ दिसतेय. बिड्या ओढतोस ना? कॅन्सरबिन्सर नसला म्हणजे मिळवली.’

एवढंच वाक्य. पाच सेकंदांचं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी फोटो पाहिला, बाळूची छाती तपासली, म्हणाले, न्यूमोनिया आहे, कधीकधी असा गोल दिसतो. इंजेक्शनं आणि कॅप्सूल दिल्या. केसपेपरवर स्वच्छ अक्षरात ‘न्यूमोनिया’ लिहिलं आणि सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढायला सांगितला. पण बाळूच्या डोक्यात माझा शब्द जाऊन बसला होता. डॉक्टर आपल्यापासून लपवतायत, खरं ते फोटोवाले भाऊ बोलले, असं त्यानं ठरवलं. औषधं घेतली, पण शिवाय कुणाच्या तरी सांगण्यावरून घाटघरला गेला. तिथं एक म्हातारे वैदू होते, सगळे त्यांना बाबा म्हणायचे. रानातल्या मुळ्यांचा काढा द्यायचे. बाळूनं तो महिनाभर घेतला.

सहा आठवड्यांनी मीच दुसरा फोटो काढला. फुफ्फुस काळंभोर, सावली साफ गेलेली. न्यूमोनिया होता, औषधानं गेला. पण बाळूनं दोन्ही फोटो मागून घेतले आणि गावभर सांगितलं, ‘मला कॅन्सर झाला व्हता. बाबाच्या काढ्यानं गेला. ह्यो आधीचा फोटू, ह्यो नंतरचा.’ त्यात त्याचा लबाडपणा काही नव्हता. त्याला तसं खरोखरच वाटत होतं. बाबांनाही तसंच वाटलं असणार. नाणेघाटाच्या वाटेवर, घाटघरकडं जीपा भरून लोक जायला लागले.

डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मला खोलीत बोलावून दार लावलं. ‘कॅन्सर शब्द कुणी काढला?’ मी कबूल केलं. ते रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. म्हणाले, ‘तुझा शब्द आता लोकांच्या घरात जाऊन बसलाय. तो कसा परत आणणार?’

त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं. पेशंटनं विचारलं, ‘काय दिसतंय?’ तर माझं उत्तर ठरलेलं. ‘फोटो चांगला आलाय. डॉक्टरांना दाखवा.’ चांगला आलाय म्हणजे नीट निघालाय, एवढाच अर्थ. लोक मात्र हसत बाहेर जायचे.

दुसरी चूक न बोलण्याची. ती सांगायला मला एवढी वर्षं लागली.

इंदूमावशी आमच्या दवाखान्यात आया होत्या. मी तिथं बदलून गेलो तेव्हापासून त्या आणि मी एकाच व्हरांड्यात काम करत होतो. पन्नाशी आलेली, अंगानं किरकोळ, पण एका हातानं पेशंटला उठवून बसवायच्या. येडगावहून रोज चालत यायच्या आणि आल्या आल्या सगळ्यांना कामाला लावायच्या, डॉक्टरांनासुद्धा. नवरा नामदेवभाऊ कालव्यावर पाटकरी होता, पाणी सोडायचं काम. मुलगा संतोष जीप चालवायचा. नामदेवभाऊंच्या तोंडात कायम विडी. मावशींनी स्वतः कधी विडीला हात लावला नाही. मात्र आयुष्यभर चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ केला. घरात धुराडं नव्हतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मावशींचा उजवा खांदा दुखायला लागला. त्या म्हणायच्या, लादी पुसून पुसून गेला. बाम चोळायच्या, वर फडकं बांधायच्या. मग खोकला लागला. दोन महिने गेले तरी हटेना, तेव्हा डॉक्टरांनी छातीचा फोटो सांगितला.

मावशी फिल्मच्या पेटीला छाती लावून उभ्या राहिल्या. त्यांनी हजारभर लोकांना तिथं उभं केलं होतं, त्यामुळं काही सांगावं लागलं नाही. मी डार्करूममध्ये गेलो. ओली फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. उजव्या फुफ्फुसाच्या अगदी टोकाला, गळपट्टीच्या हाडाच्या वर, पांढरी टोपी घातल्यासारखं दिसत होतं. वरच्या टोकाला पांढरं म्हणजे आमच्या भागात कुणीही टीबी म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण माझी नजर बरगड्यांवर गेली. उजवीकडची दुसरी बरगडी मागच्या बाजूला, खालच्या कडेनं, उंदरानं कुरतडावी तशी गेलेली. डावीकडची तीच बरगडी अखंड. मी फिल्म उतरवली, पुसली, पुन्हा लावली. डाग नव्हता. हाड खरंच नव्हतं.

फुफ्फुसाचा टीबी असा शेजारचं हाड सहसा खात नाही. कॅन्सर खातो. टोकाला वाढणारी गाठ वर-मागं सरकते, बरगडीत शिरते, हाताकडं जाणाऱ्या नसा दाबते, म्हणून खांदा दुखतो. हे मला एका जुन्या डॉक्टरांनी पूर्वी एका फोटोत दाखवलं होतं. मला ते माहीत होतं, एवढंच मला सांगायचं आहे. मला माहीत होतं.

फोटो घेऊन मी डॉक्टरांकडं गेलो. हे डॉक्टर नवे, तरुण, कामसू. बाहेर साठ-सत्तर पेशंट बसलेले. त्यांनी फोटो खिडकीकडं धरला. ‘वरच्या भागात आहे. टीबी वाटतोय. थुंकी तपासू.’

मी तोंड उघडलं. आणि मला बाळू दिसला. ते बंद दार दिसलं. उद्या थुंकीत टीबी निघाला तर? दवाखान्यातल्या बाईबद्दल टेक्निशियननं पुन्हा कॅन्सर शब्द काढला, असं झालं तर? खरं तर मला ते पेशंटला सांगायचं नव्हतं, डॉक्टरांना दाखवायचं होतं, आणि या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक त्या क्षणी मला कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता.

‘हो साहेब,’ मी म्हणालो.

थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तिन्ही वेळा. पण जंतू न सापडणारा टीबीही असतो, तेव्हा डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली. त्या काळात सगळीकडं तसंच करायचे. मावशी गोळ्या वेळेवर घ्यायच्या. दुसऱ्यांना गिळायला लावायच्या तशाच स्वतः गिळायच्या. वजन उतरत गेलं. महिन्याभरानं दुखणं खांद्यातून दंडात उतरलं, मग करंगळीपर्यंत. एक दिवस पाण्यानं भरलेली बादली त्यांच्या हातून सुटली. ‘बोटांत जीवच न्हाई, भाऊ,’ म्हणाल्या. ‘गोळ्या लई गरम पडल्यात.’ पुढं उजव्या डोळ्याची पापणी खाली आली, तीही गाठीनं नस दाबल्यामुळंच. सगळे म्हणायचे, मावशी, झोप झाली नाही का?

या तीन महिन्यांत मी रोज त्यांच्या समोरून जात होतो.

तीन महिन्यांनी दुसरा फोटो निघाला. आता टोपी मोठी झाली होती आणि दुसऱ्या बरगडीचा मागचा तुकडा नाहीसा होता. डॉक्टरांनी फोटो धरला आणि खुर्चीत बसले. मग जुना फोटो मागवला. दोन्ही शेजारी धरले. शेवटी म्हणाले, ‘हे पहिल्यातही होतं.’ ‘मला दिसलं नाही,’ ते म्हणाले. त्या माणसानं आपली चूक एका वाक्यात मान्य केली. मी शेजारी उभा होतो आणि ‘मला दिसलं होतं’ हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

रजा टाकून मी मावशींबरोबर पुण्याला गेलो. मोठ्या हॉस्पिटलात त्यांचा सीटी स्कॅन झाला, पाठीतून सुई घालून गाठीचा तुकडा काढला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. फुफ्फुसाचा कॅन्सर.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी नामदेवभाऊंना आणि मला समजावून सांगितलं. गाठ लहान असती आणि आजूबाजूला शिरली नसती तर ऑपरेशन करता आलं असतं. आता ती मणक्यापर्यंत गेली आहे. सलाईनमधून केमो देऊ, मग मशीनवर लाइट देऊ, म्हणजे किरणांचा शेक. त्यानं गाठ पूर्ण जाणार नाही, पण आवळेल, दुखणं कमी होईल, काही महिने चांगले मिळतील. नामदेवभाऊ पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा मी विचारलं, ‘तीन महिने आधी आलो असतो तर?’

‘कदाचित,’ ते म्हणाले. ‘नक्की नाही. पण कदाचित ऑपरेशनचा विचार करता आला असता.’

मावशींना कसं सांगायचं यावर नातेवाइकांची बाहेर कुजबुज चालली होती. टीबीच म्हणू, बिघडलेला टीबी. मावशींनी आतून हाक मारली. ‘आठरा वर्सं दवाखान्यात काढली मी. कोणत्या वारडात आणून झोपवलंय त्ये मला कळत न्हाई व्हय?’ मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘पर भाऊ, मी तर कंदी विडी वढली न्हाई.’

मी सांगितलं, विडी-सिगरेट हे सगळ्यात मोठं कारण. पण शेजारी बसून दुसऱ्याचा धूर घेतला तरी होतो, चुलीच्या धुरानंही होतो, आणि काहींना कशानंच नाही तरी होतो. नामदेवभाऊंनी खिशातला बंडल काढला आणि खिडकीबाहेर टाकला. मावशी म्हणाल्या, ‘आता टाकून काय व्हतंय?’ ते रडायला लागले.

दोन केमो झाल्या. उलट्यांनी मावशी अर्ध्या झाल्या, केस गेले, तोंडात फोड आले. त्या कुरकुरल्या नाहीत. फक्त म्हणायच्या, आपल्या पेशंटांना मी उलटी आली की वरडायची, आता वरडणार न्हाई. लाइट सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस त्या घरी आल्या. आणि बाळू त्यांना भेटायला आला.

मी तिथंच होतो. बाळू चांगल्या मनानं आला होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं म्हणून वारूळवाडीहून मोटारसायकलवर, काखेत ते दोन फोटो घेऊन. आता त्याच्या केसांत पांढरे आले होते. त्यानं दोन्ही फोटो दारातल्या उजेडात धरले. ‘ह्यो बघा मावशी, आधीचा. ह्यो नंतरचा. मी मेलेला माणूस. आज पोतं उचलतो. त्या लायटीत माणूस जळतो. तुमी बाबाकडं चला.’

संतोषनं फोटोवरचा नंबर पाहिला. तो माझ्या हातचा होता. मावशी माझ्याकडं वळल्या.

‘भाऊ, ह्ये फोटू तुमी काढल्यात?’

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. संतोषच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी उजळलं होतं. ते विझवायचं, आणि बाळूला त्याच्या तोंडावर सांगायचं की तुला कॅन्सर नव्हताच, तो माझ्या जिभेवर होता. माझी हिंमत झाली नाही.

‘हो,’ मी म्हणालो. ‘फोटो माझेच आहेत.’

‘म्हंजी खरंय,’ संतोष म्हणाला.

पुण्याची तारीख टळली. संतोषनं आईला जीपमधून घाटघरला नेलं, काढा आणला. पहिले आठ-दहा दिवस मावशींना बरं वाटलं, कारण केमोच्या उलट्या थांबल्या होत्या. मग दुखणं उसळलं. बोटं वाकडी झाली. खांद्याखाली उशी ठेवून त्या बसूनच असायच्या, आडवं होता येत नव्हतं. नामदेवभाऊ दवाखान्यात येऊन मला म्हणाले, ‘ती वरडती वो, भाऊ. आमची ही कंदी वरडली न्हाई.’

त्या दिवशी मी बाळूचा जुना केसपेपर शोधायचं ठरवलं. बाळूचे फोटो काढले तो दवाखाना हा नव्हे, त्यामुळं माझ्या पहिल्या दवाखान्यात जाऊन जुनी दफ्तरं उपसावी लागली. दोन दिवस लागले. बाळूचा केसपेपर सापडला. वाळवीनं एक कोपरा खाल्लेला, पण ‘न्यूमोनिया’ शाबूत. त्याची नक्कल करून घेतली आणि एसटीनं घाटघरला गेलो.

बाबा ओट्यावर बसून मुळ्या ठेचत होते. सत्तरीच्या पुढचे, डोळे स्वच्छ. मी कागद पुढं केला आणि सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं. बाळूला मी काय बोललो, डॉक्टरांनी काय लिहिलं, कोणत्या औषधानं सावली गेली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद हातात घेऊन पाहिला, परत दिला.

‘म्हंजी त्याला त्यो रोग नव्हताच?’

‘नव्हता.’

‘आन येवढी माणसं आली त्याचं नाव ऐकून.’ त्यांनी हातातली मुळी खाली ठेवली. ‘मी कुणाला कंदी म्हणलो न्हाई, डाक्टरचं सोडा म्हणून. पर सोडू नका असंबी म्हणलो न्हाई.’ मग उठून धोतर झटकलं. ‘त्या बाईचं घर कुठं हाये? चला.’

म्हातारा माणूस माझ्याबरोबर एसटीत बसून येडगावला आला. मावशींच्या खाटेजवळ खाली बसला आणि संतोषला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘बाई, माझा काढा खोकल्याला चालतो, पोटाला चालतो. ह्ये त्याच्या बापाच्यानं व्हायचं न्हाई. तुमी पुण्याला जा.’

संतोष माझ्यावर धावून आला. ‘आन तुमी त्या दिशी काय बोलला? फोटू माझेच म्हणला!’ नामदेवभाऊंनी त्याला धरलं. त्यानं मारलं असतं तरी मी हात उचलला नसता.

पुण्याला लाइट सुरू झाली. आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे. कातडी भाजल्यासारखी काळी पडली, गिळताना घसा दुखायचा. पण तिसऱ्या आठवड्यात दुखणं उतरलं आणि मावशी कित्येक दिवसांनी आडव्या झोपल्या. उरलेल्या दुखण्यावर डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दम लागल्यावर पुढं वाकून ओठांतून सावकाश श्वास कसा सोडायचा ते शिकवलं. बाबा दोनदा येऊन गेले. खोकल्याच्या काढ्यानंही यकृतावर ताण येऊ शकतो असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा बाबांनी तो स्वतःहून बंद केला. नुसतं कोमट तेल आणलं आणि बरोबर आलेल्या त्यांच्या सूनबाईंनी मावशींचे पाय चोळून दिले. त्यानं गाठ तिळभरही कमी झाली नाही. मावशींना बरं वाटलं. औषधाच्या जोडीला असं काही असावं, औषधाच्या जागी नसावं. मी पुढं लोकांना एवढंच सांगत आलो.

पुढचंही आताच सांगून टाकतो. बाळूच्या घरी जाऊन मी त्याला केसपेपर वाचून दाखवला. त्यानं मला घराबाहेर काढलं. तो अजून आहे, पण मरेपर्यंत माझ्याशी बोलणार नाही. त्याच्याकडून त्याचं मरण आणि त्यातून वाचणं दोन्ही मी काढून घेतलं. आणि दवाखान्यात मी एक गोष्ट बदलली. फोटोत काही खटकलं की ओली फिल्म हातात धरून डॉक्टरांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘साहेब, एवढी कड बघा.’ काही डॉक्टरांनी झापलं, ‘तू डॉक्टर की मी?’ काहींनी पाहिलं. दहातल्या आठ वेळा माझी शंका फोल निघाली. मंचरकडच्या एका शिक्षकांची गाठ मात्र लवकर सापडली, ऑपरेशन झालं, ते अजून शाळेच्या कार्यक्रमांना जातात. त्यांना मी माहीतसुद्धा नाही, आणि तेच बरं.

मावशींना चांगले म्हणावेत असे पाच महिने मिळाले. मग गाठ यकृतात गेली. त्या गेल्या त्याच्या पंधरा दिवस आधी मी येडगावला गेलो होतो. दुपार होती. नामदेवभाऊ गोठ्यात होते. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, समोर धरणाचं पाणी दिसत होतं.

‘भाऊ, माझा फोटू मला दावा की,’ त्या म्हणाल्या. ‘आठरा वर्सं पाकिटं इकडून तिकडं न्येली. बघितला न्हाई कंदी.’

मी फाइलमधला पहिला फोटो काढून खिडकीवर धरला. हे हृदय. ह्या बरगड्या, वरून मोजायच्या. हे काळं ते फुफ्फुस. आणि ही ती गाठ. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्या पांढऱ्यावर ठेवलं. मग बोट सरकत बरगडीवर गेलं आणि जिथं कड नव्हती तिथं थांबलं. मी सांगितलं नव्हतं.

‘हितं मोडल्यागत दिसतंय.’

‘हो.’

‘ह्यो पयला फोटू ना?’

‘हो मावशी. मला त्या दिवशीच दिसलं होतं. डार्करूममध्येच. मी बोललो नाही.’

त्या फोटोकडंच बघत होत्या. बाहेर नामदेवभाऊ म्हशीशी काहीतरी बोलत होते. मी वाट पाहिली, त्यांनी शिव्या द्याव्यात म्हणून.

‘त्या दिशी तुमी मला चा पाजला व्हता,’ मावशी म्हणाल्या. ‘सोता टपरीवर जाऊन आणला. इतक्या वर्सांत सगळ्यांना मीच चा आणून दिला, मला कुणी दिला नव्हता. घरी यिऊन मी ह्यांना सांगितलं, आज भाऊंनी मला चा पाजला. लई कवतिक केलं तुमचं.’

माझ्या हातातला फोटो खाली आला.

नामदेवभाऊ हात पुसत आत आले. आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं. ‘काय झालं? काय सांगत व्हते भाऊ?’

‘काय न्हाई,’ मावशी म्हणाल्या. ‘फोटू कसा बघायचा त्ये दावलं.’